पेटारी, काचपेटी आणि दुकान : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात बंदिस्त सरपटणाऱ्या प्राण्यांचा इतिहास

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासलेखनात प्राण्यांना स्थान मिळाले ते बहुधा घोडा, हत्ती आणि बैल यांच्या रूपाने. स्वारी, वाहतूक आणि शेती या तिन्हींचा भार त्यांनी वाहिला, म्हणून कागदपत्रांत त्यांची नोंद झाली. सरपटणारे प्राणी या लेखनात येतात ते एक तर दैवत म्हणून, नाही तर भयाचे कारण म्हणून. मनुष्याने साप, घोरपड आणि कासव यांना पकडले, कोंडून ठेवले, लोकांपुढे दाखविले आणि विकले; या व्यवहाराचाही एक इतिहास आहे, याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली आहे. प्रस्तुत निबंधात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत सरपटणाऱ्या प्राण्यांची जी आबाळ आज आढळते, ती आधुनिक शहरी जीवनाची देणगी आहे असे समजले जाते. परंतु गारुड्याची पेटारी आणि दुकानातील काचेची टाकी यांत अंतर आहे ते स्वच्छतेचे व प्रतिष्ठेचे. प्राण्याच्या वाट्याला येणाऱ्या स्थितीत अंतर फार थोडे आहे. आपल्या कायद्याने पेटारीला गुन्हा ठरविले आणि टाकीकडे जवळजवळ अर्धशतक पाहिलेच नाही. असे का झाले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

गडांचा मुलूख आणि घोरपड

भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्या संस्थानाचे पाच तालुके होते. त्यांतील बहुतेकांची नावे गडांवरून पडलेली. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, त्यामुळे संस्थानकाळातील एका तालुक्याचे नाव वेगळ्या मार्गाने परत आले असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात मात्र रूढ असलेले वेल्हे हेच नाव वापरले आहे.

या मुलखाच्या लोकस्मृतीत एका सरपटणाऱ्या प्राण्याला मानाचे स्थान आहे. राजगडावरून समोर दिसणारा कोंढाणा ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी सर केला, तेव्हा यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढण्यात आला, ही कथा मराठी मुलांना इतिहासाच्या पुस्तकाआधी ठाऊक होते. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने ती घरोघरी पोचविली. समकालीन विश्वसनीय साधनांचा आधार तिला नाही, हे अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. शरीरशास्त्रही तिच्या बाजूने नाही. घोरपडीच्या नखांची पकड तिच्या आकाराच्या मानाने विलक्षण असली, तरी मोजक्या किलो वजनाचा हा प्राणी दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाचा भार पेलू शकत नाही. शिवाय ती शिकवून तयार होत नाही.

तरीही ही कथा इतिहासकाराने बाजूला टाकावी असे मला वाटत नाही. घोरपडीविषयी समाजाची कल्पना काय होती, हे तीत दिसते. घोरपड ही चिवट, न थकणारी, ओझे वाहणारी वस्तू आहे; तिला भूक, ऊन, भय असे काही असते, हे कथेत कोठेच येत नाही. घोरपडे या आडनावाच्या उत्पत्तीची कथाही याच चिवटपणाभोवती रचलेली आहे. प्रत्यक्ष जीवनात घोरपडीच्या वाट्याला आलेला मान निराळाच होता. खंजिरी मढविण्यासाठी तिचे कातडे, सांधेदुखीवर तिचे तेल आणि पौष्टिक म्हणून तिचे मांस वापरले जाई. अन्नपाण्यावाचून ती दीर्घकाळ तग धरते, म्हणून पकडलेली घोरपड बांधून दिवसचे दिवस ठेवता येई. तिच्या चिवटपणाची स्तुती आणि तिची दैना या दोहोंचा उगम एकच होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसविले. पण चोरटा व्यापार थांबला नाही. नराचे वाळविलेले जननेंद्रिय ‘हत्ता जोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकले जाते आणि धनप्राप्तीच्या आशेने सुशिक्षित लोक ते विकत घेतात, हे गेल्या दशकातील छाप्यांतून उघड झाले.

पेटारी

नागपंचमीस जमीन नांगरू नये, खणू नये, भाजी चिरू नये, तवा चुलीवर ठेवू नये, हे निर्बंध मावळातील घरांत अलीकडेपर्यंत कसोशीने पाळले जात. त्यामागील भावना उघड आहे. त्या दिवशी आपल्या हातून नागाला इजा होऊ नये. पाटावर गंधाने नाग काढून अथवा वारुळापाशी जाऊन पूजा होई. या पूजेत जिवंत नागाची आवश्यकता नव्हती. जिवंत नाग आणला तो गारुड्याने, आणि त्याला दूध पाजण्याची चाल त्याच्या दारोदार फिरण्याबरोबर रुजली असावी.

गारुड्याच्या पेटारीत नागाचे काय होई, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. सणापूर्वी काही आठवडे नाग पकडले जात. विषदंत उपटल्याने किंवा तोंड शिवल्याने जबड्यात जखम होऊन ती चिघळत असे. उंदीर-बेडूक खाणाऱ्या या प्राण्याला पाण्यावाचून कोरडे ठेवले, की सणाच्या दिवशी समोर आलेले दूध तो तहानेपोटी पिई. भाविकाला तो प्रसाद स्वीकारल्याचा भास होई. सापाला दूध पचत नाही. बहुतेक नाग पुढील काही आठवड्यांत मरत; तोवर सण सरलेला असे आणि मरण कोणाच्या डोळ्यांसमोर घडत नसे.

एक शरीरशास्त्रीय बाब येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाहीत. ऊन व सावली यांत हालचाल करून ती राखतात. त्यांची शरीरक्रिया मंद असते. कुत्रा उपाशी राहिला तर दोन दिवसांत ओरडून घर डोक्यावर घेतो. साप व कासव ओरडत नाहीत. आठवड्यांमागून आठवडे खंगत जातात आणि त्या अवस्थेत ‘शांत’ दिसतात. पाळणाऱ्याला त्यांचे मरण हीच त्यांची राहणी वाटू लागते.

कायदा आला तेव्हा त्याने प्रथम पेटारी पकडली. १९७२ नंतर साप बाळगणे टप्प्याटप्प्याने गुन्ह्याच्या कक्षेत आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरील बंदी व्यापक झाली. गारुडी ही महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या यादीतील जमात. तिचा पिढीजात व्यवसाय गेला, पर्यायी व्यवसाय मात्र सहजी मिळाला नाही. सापाच्या दृष्टीने ही बंदी योग्यच होती, यात संशय नाही. पण शासनाने त्या काळात कोणत्या बंदिवासाकडे डोळे वटारले आणि कोणत्या बंदिवासाकडे काणाडोळा केला, हेही नोंदविले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील जिवंत नागांच्या मिरवणुकीस मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशाने पायबंद बसला. त्यावर गावाची व राज्यकर्त्यांची चर्चा अद्याप चालू आहे आणि २०२५ साली केंद्र शासनाने तेथील २१ व्यक्तींना शैक्षणिक हेतूने मर्यादित काळासाठी नाग पकडण्याची परवानगी दिली. एका गावाच्या सणावर इतकी वर्षे वाद, निवाडे आणि परवानग्या झाल्या. याच काळात पुण्या-मुंबईच्या दुकानांत परदेशी कासवांची विक्री चालू होती, आणि तिच्याविषयी असा सार्वजनिक वाद कधी उभा राहिला नाही.

काचपेटी

पेटारी आणि दुकान यांच्या मध्ये आणखी एक टप्पा आहे, तो अभ्यासाचा व प्रदर्शनाचा. वसाहतकाळात शासनाचे सापाविषयीचे धोरण मुख्यतः मारण्याचे होते. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली इनाम लावताच आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील लस तयार होऊ लागली आणि मेलेल्या सापापेक्षा जिवंत सापाची किंमत वाढली. भोर-वेल्ह्यासारख्या भातशेतीच्या, डोंगरी आणि पावसाळ्यात वाटा बंद होणाऱ्या प्रदेशात या लसीचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसमवेत काचेच्या खोलीत ७२ तास राहून दाखविले. विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण त्यामागील हेतू प्रबोधनाचा होता. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे. १९८६ साली कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. कात्रजचा जुना घाट ओलांडला की खेड-शिवापूर, नसरापूर आणि तेथून भोर व वेल्हे. या दोन तालुक्यांतून पुण्यास सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी नाग, घोणस आणि मण्यार यांतील फरक कात्रजच्या काचेमागे प्रथम पाहिला. साप दिसताच काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला निरोप धाडण्याची रीत खेड्यांत रुजली, तिचे श्रेय बऱ्याच अंशी या काचपेटीला द्यावे लागेल.

काचपेटीचेही दोष होते. मात्र ती सार्वजनिक होती, म्हणून तिला जाब विचारता आला. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी संग्रहालयांच्या मान्यतेचे नियम आले. पिंजऱ्याचा आकार, आहार, पशुवैद्यकाची व्यवस्था, मृत्यूची नोंद या गोष्टी लेखी झाल्या. बंदिस्त प्राणी कसा जगतो, हा प्रश्न कायद्याने येथे व्यवस्थितपणे विचारला. दुकानांना तो विचारला जायला आणखी २६ वर्षे लागली.

दुकान

आपल्याकडील पाळीव प्राण्यांची साखळी-दुकाने मुख्यतः कुत्र्या-मांजरांचे खाद्य व साहित्य विकतात. कासवे व सरडे विकले जातात ते शोभेच्या माशांच्या दुकानांतून आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटसारख्या जुन्या बाजारांतून. अमेरिका व युरोपात मात्र साखळी-दुकानांनीच या प्राण्यांना घरगुती वस्तू बनविले, आणि तेथील अनुभव आपल्याला उपयोगी आहे. डिसेंबर २००९ मध्ये टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे विदेशी प्राण्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातून १७१ प्रकारचे २६ हजारांहून अधिक प्राणी जप्त झाले; त्यांतील सुमारे ८० टक्के आजारी, जखमी किंवा मृत होते. सहा आठवड्यांत सुमारे ७० टक्के प्राणी मरणे हे या धंद्यात नेहमीचेच आहे, असा युक्तिवाद त्या प्रकरणात पुढे आला. गारुड्यानेही काही निराळे सांगितले नसते. फरक इतकाच, की गारुड्याजवळ हिशेबाची वही नव्हती.

आपल्या बाजारात सर्वांत अधिक खपलेला सरपटणारा प्राणी म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर या नावाचे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकताना ते रुपयाच्या मोठ्या नाण्याएवढे असते. एवढेच राहते, असे अनेकदा गिऱ्हाइकाला सांगितले जाते, आणि वाडग्यात बोटभर पाणी घालून त्यात ते ठेवले जाते. योग्य निगा मिळाल्यास त्याची मादी २५ सेंटिमीटरपर्यंत व क्वचित त्याहूनही मोठी होते आणि २० ते ३० वर्षे जगते. त्याला पोहण्यापुरते खोल पाणी, पाण्याबाहेर येऊन अंग शेकण्यासाठी कोरडी उबदार जागा आणि अतिनील किरण लागतात. हे किरण नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडून वाकडे होते. टाकी खिडकीत ठेवल्याने भागत नाही. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढविलेल्या पिल्लांना अ जीवनसत्त्व मिळत नाही, पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि न दिसल्याने ते खाणे सोडते. घरातली मंडळी म्हणतात, हल्ली फार झोपते.

हे कासव आपल्या घरांत इतक्या सहज का शिरले? त्याचे एक कारण आपल्या परंपरेत आहे. शिवमंदिराच्या सभामंडपात जमिनीवर कोरलेले कासव आपण ओलांडत नाही, त्याला हात लावून पुढे जातो. भोर तालुक्यात नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविलेल्या बनेश्वरासारख्या देवस्थानांच्या आवारात कुंडे आहेत, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी देवळाच्या कुंडात कासव सोडणे पुण्याचे मानले गेले आहे. कासव शुभ, ही भावना तयारच होती. गेल्या काही दशकांत वास्तुशास्त्र व फेंगशुई यांच्या प्रसाराने तिला दिवाणखान्यातील दिशा मिळवून दिली.

दुसरे कारण कायद्याच्या रचनेत आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. १९७२ चा कायदा भारतीय वन्यजीवांसाठी होता. त्यामुळे आपले तारांकित कासव बाळगणे गुन्हा ठरले, आणि २०१९ साली सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश होऊन बाहेरील व्यापाराची दारेही बंद झाली. परदेशी कासव मात्र या कायद्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हते. दुकानदाराने तारांकित कासव मागे लपविले आणि लाल पट्ट्याचे पुढे मांडले. प्राणी कोठला आहे, एवढेच कायद्याने विचारले. तो कसा जगतो, हा प्रश्न १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा होता. पण दुकानांसाठी त्याखालील नियम निघाले ते २०१८ साली. त्या नियमांतील ‘पाळीव प्राणी’ या संज्ञेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीरवर्गीय प्राणी आणि बंदिस्त पक्षी यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरपटणारे प्राणी ‘ज्यांच्या व्यापारास अन्य कायद्याने मनाई नाही असे इतर’ या शेपटात येतात. जो प्राणी आपली व्यथा बोलून दाखवीत नाही, त्याचे नाव नियमातही आले नाही.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले. त्या मुदतीत माहिती देणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सायटिस परिशिष्टांतील जातींची नोंदणी सक्तीची केली आणि २०२४ साली तिचे नियम आले. परिशिष्टांत नसलेल्या जातींना ही नोंदणी लागू नाही. येथेही प्रश्न पुन्हा यादीचाच राहिला.

नीरेचे खोरे

दुकानात सुरू झालेली ही गोष्ट टाकीत संपत नाही, आणि भोर-वेल्ह्याचा तिच्याशी असलेला खरा संबंध येथे येतो. कासव मोठे झाले, पाणी वास मारू लागले, की पुण्यातील घराला ते नकोसे होते. त्याला मारणे मनाला पटत नाही. देवाचे म्हणून ते पाण्यात सोडले जाते. शहरापासून सर्वांत जवळचे मोठे, स्वच्छ व निर्मनुष्य पाणी म्हणजे पानशेत, वरसगाव आणि भाटघरचे जलाशय, किंवा बनेश्वरापाशी वाहणारी शिवगंगा. शिवगंगा गुंजवणीला, गुंजवणी नीरेला आणि नीरा भीमेला मिळते. सोडणारा माणूस त्या दिवशी समाधानाने घरी जातो.

याच खोऱ्याचे स्वतःचे एक कासव आहे. मऊ पाठीच्या या कासवाचे शास्त्रीय वर्णन जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून केले आणि मुंबई इलाख्यातील डॉक्टर लेथ यांचे नाव त्याला दिले. भीमा-कृष्णेच्या पाण्यातील ही जात २०२१ पासून जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींत गणली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून ती सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात गेली. उलट लाल पट्ट्याचे कासव जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत २००० सालीच आले होते. अमेरिकेने लहान मुलांना होणाऱ्या साल्मोनेला संसर्गामुळे चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ साली बंदी घातली. युरोपीय संघाने १९९७ साली या कासवाची आयात थांबविली. तेथील बाजार मिटल्यावर व्यापाऱ्यांनी आशियाकडे मोर्चा वळविला, आणि आपल्या दुकानांतील टाक्या भरल्या त्या काळात. अन्न, अंग शेकण्याच्या जागा आणि रोग या तिन्ही बाबतींत हे पाहुणे स्थानिक कासवांना भारी पडते, हा अनेक देशांतील अनुभव आहे. आक्रमक विदेशी जातींची आयात व व्यापार रोखण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र शासनाला दिला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला अखेर साधनांचा विचार करावा लागतो. पेटारीने कागद मागे ठेवला नाही. तिचा इतिहास सण, निवाडे आणि आठवणी यांतून जुळवावा लागतो. काचपेटीचे दप्तर महानगरपालिकेत व प्राधिकरणात आहे. २०१८ च्या नियमांनुसार दुकानदाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची आहे, नोंदवही ठेवावयाची आहे आणि वार्षिक अहवाल द्यावयाचा आहे. किती कासवे आली, किती विकली आणि किती मेली, हे त्या वह्यांत लिहिले जाऊ लागले, तर या विषयावरील पुढचा निबंध अनुमानाऐवजी आकड्यांवर लिहिता येईल. पुणे, भोर आणि नसरापूर येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना भाटघर व शिवगंगेच्या काठांवर ऊन खात बसलेल्या कासवांची गणना हिवाळ्याच्या सकाळी करता येण्याजोगी आहे. दुर्बीण पुरते, लाल पट्टा दुरून दिसतो.